मुदतीचा ताप आणि त्याची परीक्षा

वसंत व्याख्यानांचे दिवस आणि पोटाच्या विकारांचे दिवस एकाच वेळी येतात, हा काही निव्वळ योगायोग नाही. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, टँकरच्या खेपा वाढतात, लग्नसराईच्या पंगती उठतात, रस्तोरस्ती बर्फाचे गोळे आणि उसाचा रस मिळू लागतो. मग घरोघरी कोणी ना कोणी अंथरूण धरतो. अशा दिवसांत सुकापूरच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "जंतूंवर डॉक्टरांनी बोलावे. कामगार संघटनेच्या माणसाचे तिथे काय काम?"

प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. जे काही कळले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि डॉक्टर मित्रांना खोदून खोदून विचारून. परंतु तीस वर्षे कामगारांच्या खाड्यांचे हिशेब करता करता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. अन्नपाण्यातून येणाऱ्या रोगाची निम्मी हकिकत प्रयोगशाळेत घडते आणि निम्मी हजेरीपुस्तकात. पहिली नीट समजल्याशिवाय दुसरी सुधारता येत नाही. आणि दुसरी सुधारल्याशिवाय पहिलीचा उपयोग होत नाही. आज या दोन्ही हकिकती क्रमाने सांगावयाच्या आहेत.

अन्नातून येणारे सगळे जंतू सारखे नसतात. ते कोठे उपद्रव करतात, यावरून त्यांचे चार वर्ग पाडले म्हणजे विषय सोपा होतो. पहिला वर्ग अन्नातच विष तयार करून ठेवणाऱ्यांचा. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू पुष्कळांच्या नाकात आणि हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. स्वयंपाक करणाऱ्याच्या बोटावरून तो खव्यात किंवा बासुंदीत उतरला आणि भांडे उबेत पडून राहिले, की तो वाढतो व विष सोडतो. पदार्थ पुन्हा उकळला तर जंतू मरतो, पण विष तसेच राहते. पंगत उठल्यावर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर संशय प्रथम याच वर्गावर घ्यावा.

दुसरा वर्ग आतड्यात पोचून तेथे विष सोडणाऱ्यांचा. पटकी, म्हणजे कॉलरा, हा त्याचा नमुना. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूची शुद्ध वाढ केली. परंतु हा जंतू आतड्याची भिंत न फोडता माणसाला काही तासांत कसा मारतो, हे कोडे पाऊणशे वर्षे राहिले. त्याचे उत्तर १९५९ साली कलकत्त्याचेच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दिले. जंतू वगळून नुसता त्याचा द्रव आतड्यात घातला तरी आतडे पाण्याने भरते, हे त्यांनी दाखविले. शरीरातील पाणी आणि क्षार आतड्यात ओतले जातात आणि रोगी कोरडा पडून मरतो. म्हणूनच जुलाबावर पहिला उपाय म्हणजे मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक असते.

तिसरा वर्ग आतड्याच्या भिंतीत शिरणाऱ्यांचा. शिगेला हा जंतू भिंतीला जखमा करतो आणि रक्त-आव पडू लागते. बहुतेक जंतूंना रोग करावयाचा तर हजारो-लाखोंच्या संख्येने पोटात जावे लागते, कारण जठरातील आम्ल त्यांतील पुष्कळांना वाटेतच मारते. शिगेलाचे मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात. म्हणून ही हगवण पाण्याप्रमाणेच नुसत्या हातावरूनही पसरते.

येथे एक हिशेब करून पाहू. उबेत आणि ओलाव्यात यांतील कित्येक जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एका तासात एकाचे ८, तीन तासांत ५१२, आणि सात तासांत २० लाख ९७ हजार. दुसऱ्या पाळीचा कामगार दुपारी दोनला डबा घेऊन घर सोडतो आणि रात्री नऊला उघडतो. हे ते सात तास. प्रत्येक डब्यात असे बिनचूक गणित घडत नाही, भाजी आंबट असली, कोरडी असली तर वाढ मंदावते. तरी वैशाखातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या डब्याला हे गणित फारसे दूर नाही.

चौथा वर्ग आतडे ओलांडून रक्तात जाणाऱ्यांचा, आणि आजचा मुख्य विषय तोच. टायफॉइड, विषमज्वर, किंवा आपल्या घरातला शब्द सांगायचा तर मुदतीचा ताप. याचा जंतू साल्मोनेला टायफी. एबर्थ यांनी तो १८८० साली पाहिला आणि गाफकी यांनी १८८४ साली प्रयोगशाळेत वाढविला. याचे वैशिष्ट्य असे, की माणसाखेरीज याला दुसरे बिऱ्हाड नाही. गाई-म्हशी, कोंबड्या यांच्यात तो राहत नाही. तेव्हा ज्याला ज्याला हा ताप आला, त्याच्या पोटात दुसऱ्या कोणा माणसाच्या आतड्यातून निघालेला जंतू गेला, हे निश्चित समजावे. मधला रस्ता पाण्याचा असेल, बर्फाचा असेल किंवा वाढणाऱ्याच्या हाताचा असेल.

लहान आतड्यात पोचल्यावर हा जंतू भिंतीतील रक्षक पेशींच्या तोंडी सापडतो. त्या पेशींचे काम जंतू गिळून मारण्याचे. पण हा गिळला गेल्यावरही आत जिवंत राहतो आणि त्याच पेशींत बसून यकृत, प्लीहा व हाडांतील मगज येथे जातो. तेथे वाढून, साधारणपणे एक-दोन आठवड्यांनी, तो मोठ्या संख्येने रक्तात उतरतो, तेव्हा ताप चढू लागतो. मधल्या काळात माणूस कामावर जात असतो, जेवत असतो, त्याला काही कळत नाही. पुढे जंतू पित्ताशयातून परत आतड्यात येतो. उपचार झाला नाही तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत आतड्यात व्रण पडतात, आणि व्रण फुटून आतड्याला भोक पडले तर जीव धोक्यात येतो. प्रतिजैविके निघण्यापूर्वी हा ताप तीन-चार आठवडे आपली मुदत पुरी करूनच उतरत असे. नाव पडले ते त्यावरून.

आता परीक्षेकडे वळू. ताप आला, तो टायफॉइडचा की दुसऱ्या कशाचा, हे ओळखावयाचे कसे? रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जंतू दिसेल, असे पुष्कळांना वाटते. मलेरियात तसे होते. टायफॉइडमध्ये नाही, कारण रोग्याच्या एका मिलीलीटर रक्तात बहुधा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. पोतेभर धान्यात एक तणाचे बी असेल तर ते निवडत बसून सापडायचे नाही. सगळे पेरावे आणि काय उगवते ते पाहावे. प्रयोगशाळा नेमके हेच करते. मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलीलीटर रक्त घेऊन ते पोषक रसाच्या बाटलीत घालतात आणि शरीराइतक्या उबेत ठेवतात. जंतू असला तर बहुधा एक ते तीन दिवसांत वाढ दिसते. तरीही बाटली पाच-सात दिवस राखतात. याला ब्लड कल्चर म्हणतात. आम्ही आमच्या सभासदांना 'रक्ताची पेरणी' असे सांगतो, आणि शेतकऱ्याच्या मुलाला ते चटकन समजते.

बाटलीत काही उगवले म्हणजे ते बशीत घट्ट थरावर पसरतात. हा थर कशाचा, ते ऐकून गृहिणींना गंमत वाटेल. तो आपल्या चायना ग्रासचा! पूर्वी यासाठी जिलेटिन वापरीत, पण ते उन्हाळ्यात वितळून जाई. १८८१ च्या सुमारास कॉख यांच्या प्रयोगशाळेतील वॉल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचविले, की जेली थिजविण्यास आपण स्वयंपाकघरात जे अगर वापरतो ते वापरून पाहा. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा त्या एका गृहिणीच्या ऋणात आहेत.

पुढची युक्ती मॅकॉन्की या इंग्रज शास्त्रज्ञाची, विसाव्या शतकाच्या आरंभीची. त्याने थरात पित्तातील क्षार, दुधातील साखर आणि एक रंगद्रव्य घातले. पित्तात आतड्यातले जंतू तगतात, इतर बहुतेक मागे पडतात. आपल्या सर्वांच्या आतड्यात राहणारा आणि बहुधा निरुपद्रवी असा ई. कोलाय हा जंतू दुधातील साखर खातो, आम्ल तयार होते व त्याचे ठिपके गुलाबी होतात. टायफॉइडच्या जंतूला ती साखर पचत नाही, म्हणून त्याचे ठिपके बिनरंगी राहतात. शौचाच्या नमुन्यात कोट्यवधी जंतूंच्या गर्दीतून संशयित निवडावयाचा असतो, तेथे ही युक्ती फार उपयोगी पडते. निवडलेल्या ठिपक्यावर आणखी रासायनिक परीक्षा करतात, ओळखीच्या रक्तद्रवाशी त्याच्या गुठळ्या होतात की नाही ते पाहतात, आणि शेवटी थरावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेसे मोकळे वर्तुळ उमटेल, ते औषध लागू. जिच्याभोवती जंतू खुशाल वाढेल, ते फुकट.

या परीक्षेतही उणीव आहे. दहा खऱ्या रोग्यांपैकी सुमारे सहांतच ती जंतू दाखविते. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर आणखी कमी. म्हणून रक्त घ्यावयाचे ते पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी.

परंतु आपल्याकडे ताप आला की जी चिठ्ठी मिळते ती बहुधा या परीक्षेची नसते, ती विडालची असते. फेर्नांद विडाल यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये ही परीक्षा प्रचारात आणली. ती जंतूला शोधीत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. रोग्याच्या रक्तद्रवात मेलेले जंतू घातले असता त्यांच्या गुठळ्या होतात काय, एवढे पाहावयाचे. आता गोम अशी, की ही प्रतिद्रव्ये पूर्वी कधी होऊन गेलेल्या संसर्गाची असू शकतात, लसीची असू शकतात, आणि मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही परीक्षा होकार देऊ शकते. ज्या मुलखात निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू कधी तरी येऊन गेलेला असण्याचा संभव, तेथे एकाच वेळच्या विडालवर विसंबणे म्हणजे जुन्या मस्टरवरची सही पाहून आजची हजेरी लावण्यासारखे आहे. आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रमाण चौपट वाढले, तर त्याला काही अर्थ. पण दुसऱ्यांदा रक्त देण्यास येतो कोण? आणि "टायफॉइड निघाला" या एका वाक्याखाली पावसाळ्यातला डेंग्यू, मलेरिया, लेप्टो झाकून जातो, तो निराळाच.

अंदाजाने दिलेल्या औषधाची किंमत सगळ्या समाजाला भरावी लागते. क्लोरँफेनिकॉल हे औषध १९४८ पासून टायफॉइडवर रामबाण ठरले. १९७२ साली केरळात कोझिकोडे येथे त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. त्यानंतरच्या औषधांचीही पाळीपाळीने तीच गत झाली. २०१६ साली पाकिस्तानातील सिंध प्रांतात सुरू झालेल्या साथीत तर पूर्वीची जवळजवळ सगळी नेहमीची औषधे निरुपयोगी ठरली आणि वैद्यांच्या हाती मोजकीच उरली. अर्धवट घेतलेली प्रत्येक गोळी जंतूला शिकवण देते, हे विसरू नये.

आता हा जंतू आपल्या दारात किती आहे? २०१७ ते २०२० या काळात भारतात मुलांच्या तापाचा रक्तपेरणी करून अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरी वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे ५७६ ते १,१७३ जणांत टायफॉइडचा जंतू सापडला. पुणे जिल्ह्यातील वढू या ग्रामीण भागात तो आकडा अवघा ३५ होता. हा फरक आम्ही सुकापूरकरांनी पुनःपुन्हा वाचण्यासारखा आहे. माथेरानच्या रस्त्यावरचे हे आमचे गाव नवीन पनवेलला जाऊन भिडले आहे. जेथे भात डोलत होता तेथे इमारती उभ्या आहेत. माणसे शहराइतकी झाली. नळ आणि गटार त्या मानाने वाढले की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आळीत पाहावे. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस अशा प्रकारे देण्याचा जगातील तो पहिला प्रसंग. लस हे चांगले कवच आहे, तथापि ती घाणपाण्याला नळात शिरू नको असे सांगू शकत नाही.

येथवर प्रयोगशाळेची हकिकत झाली. आता हजेरीपुस्तकाची.

टायफॉइडमधून बऱ्या झालेल्यांपैकी शंभरात दोन-पाच जणांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून राहतो. त्यांना ताप नाही, दुखणे नाही. पण शौचातून जंतू वर्षानुवर्षे बाहेर पडतो. यांना वाहक म्हणतात. यांतील सर्वांत गाजलेले नाव मेरी मॅलन हिचे. आयर्लंडहून अमेरिकेत आलेली ही बाई घरोघर स्वयंपाक करी. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे एका घरातील अकरांपैकी सहा जणांना टायफॉइड झाला. सोपर नावाच्या आरोग्य-अभियंत्याने माग काढला, तेव्हा ती पूर्वी राहिलेल्या बहुतेक घरांत हाच ताप येऊन गेल्याचे आढळले. शिजविलेल्या अन्नातला जंतू मरतो. पण ती ताजी फळे चिरून आइस्क्रीममध्ये घालीत असे, आणि त्याला आच लागत नाही. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेवण्यात आले. शौचाची परीक्षा केली, जंतू सापडले. १९१० साली स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर तिची सुटका झाली. ती धुलाईच्या कामाला लागली. त्यात मिळकत कमी. मग तिने नाव बदलले आणि पुन्हा चूल धरली. १९१५ साली एका प्रसूतिगृहात पंचवीस जण आजारी पडले, दोघे मरण पावले, आणि स्वयंपाकघरात मेरी सापडली. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती बेटावरच राहिली. शहराला तिच्यासारखे शेकडो वाहक ठाऊक होते. जन्मभराची कैद तिच्या वाट्याला आली.

ही हकिकत वाचताना आम्हाला एक जुना प्रसंग आठवतो व मान खाली जाते. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात महिन्याभरात दुसऱ्या पाळीचे बरेच लोक तापाने पडले. सगळ्यांच्या हातात विडालच्या चिठ्ठ्या. कँटीनचा आचारी नुकताच आजारातून उठून आला होता, हे कोणीतरी सांगितले. आम्हीच सभासदांना घेऊन व्यवस्थापकाच्या दारात गेलो आणि त्याला काढण्याची मागणी केली. संध्याकाळपर्यंत कंत्राटदाराने त्याचा हिशेब केला. आम्ही विजयी मुद्रेने घरी गेलो. त्या आचाऱ्याची शौचपरीक्षा कोणी केली नाही, कँटीनच्या टाकीचे पाणीही कोणी तपासले नाही. दोन महिन्यांनी तो आम्हाला स्टेशनाजवळच्या एका खाणावळीत पोळ्या लाटताना दिसला. आम्हाला पाहून तो उठून आत गेला. तो आजारातून उठताच कामावर का आला होता, हे आम्ही तेव्हा विचारले नव्हते. पुढे त्याच्या गाववाल्याकडून कळले: खाडा पडला की त्या दिवसाचा पगार नाही, आणि आठ दिवस खाडा पडला की जागा नाही.

तो वाहक होता की नाही, हे आजवर कोणालाच माहीत नाही. पण त्या दिवशी आम्ही कँटीनमधल्या प्रत्येक पोऱ्याला एक धडा दिला: ताप आला तर लपवावा. रोग लपविणाऱ्यांची शिस्त आम्ही आमच्याच हातांनी लावली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्याच्या तापाविरुद्ध लस सांगितली आहे. ती कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावी, आणि तिचा खर्च आचाऱ्याच्या खिशातून जाऊ नये. जुलाब वा ताप असताना जो आचारी, वाढपी किंवा पोळ्या लाटणारी बाई चुलीपासून दूर राहते, तिचा त्या दिवसांचा पगार चालू राहावा. वाहक निघाला तर त्याला चुलीवरून दुसऱ्या कामावर घ्यावे, त्याच पगारावर. आज योग्य औषधांनी, आणि क्वचित पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेने, बहुतेक वाहक मोकळे होतात; तेव्हा बेटाची गरज उरलेली नाही. मेरीला बेटावर ठेवण्याचा खर्च शहराने वर्षानुवर्षे केला. त्यातला थोडा भाग तिला १९१० साली पगार म्हणून दिला असता, तर प्रसूतिगृहातील ते दोन जीव कदाचित वाचले असते.

आणि घरापुरते? पाणी तपासण्याची एक स्वस्त बाटली भारतीय संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबेच्या जागी ठेवावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर त्यात मैल्याचा अंश शिरल्याचा दाट संशय घ्यावा. आपल्या सोसायटीच्या टाकीची, टँकरची आणि कँटीनच्या पिंपाची अशी परीक्षा मागण्यास डॉक्टर असावे लागत नाही. गावचा जलसुरक्षक टी.सी.एल. पावडर टाकतो की नाही, हे विचारण्याचाही संकोच नको. शौचाहून आल्यावर आणि पीठ मळण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शिजविलेले गरम असताना खावे. ताप तीन दिवसांवर गेला तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "गोळी सुरू करण्यापूर्वी रक्ताची पेरणी करावी काय?" रोग्याची प्रकृती बिघडत असेल तर निकालाची वाट पाहू नये, रक्त द्यावे आणि उपचार सुरू करावा. औषध सुरू झाले की मुदत पुरी करावी.

तो आचारी पुन्हा भेटला तर त्याची क्षमा मागावी, असे आम्ही कित्येक वर्षे मनाशी योजिले आहे. तो भेटला नाही. तोपर्यंत जेथे जेथे कँटीनचा करार होतो, तेथे आजाराच्या दिवसांच्या पगाराचे कलम आम्ही पहिल्या पानावर घालावयास लावतो. मालक विचारतात, याचा आमच्या जेवणाशी काय संबंध? त्यांना आम्ही हीच सगळी हकिकत सांगतो.